ग्लोव्हजशिवाय वर्षात किती लढती? लेथवेच्या एका वर्षाकडे रिंगसाइड डॉक्टर कसा बघतो

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्यांचं वय 24, किकबॉक्सिंग करतात, राज्य पातळीवर पदकं आहेत. म्यानमारच्या वर्ल्ड लेथवे चॅम्पियनशिपच्या, म्हणजे डब्ल्यूएलसीच्या, 2019 सालच्या लढती त्यांनी ओळीने पाहून काढल्या. लेथवे म्हणजे म्यानमारचा पारंपरिक लढतीचा खेळ, ग्लोव्हज न घालता खेळायचा, आणि त्यात डोक्याची धडकही चालते. जिममधले सीनियर म्हणतात की हातात ग्लोव्हज नसले की डोक्याला उलट कमी मार बसतो, कारण नुसत्या मुठीने कुणी जीव तोडून मारत नाही. मग वर्षात अशा चार-पाच लढती झेपतील का, असं त्यांना विचारायचंय.

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे. बॉक्सिंग, किकबॉक्सिंग आणि अलीकडे एमएमएच्या स्पर्धांना रिंगसाइड डॉक्टर म्हणून बसतो. लेथवे मी पडद्यावरच पाहिलंय, रिंगशेजारी बसून नाही. पण मोडलेला हात, फाटलेली भुवई आणि हललेलं डोकं देश बघून वेगळं वागत नाही, म्हणून लिहितोय.

आधी प्रश्नच जरा सरळ करून घेऊ. इव्हेंटची यादी पाहिली की वाटतं, दर काही आठवड्यांनी लढत आहे, म्हणजे लढणारेही तेवढ्याच वेळा लढत असतील. तसं नसतं. यादी प्रमोशनची, म्हणजे लढती भरवणाऱ्या संस्थेची असते. प्रत्येक कार्डावर, म्हणजे एका इव्हेंटच्या लढतींच्या यादीत, नवी माणसं असतात, आणि एकच नाव वर्षात दोनदा-तीनदा दिसलं तरी पुष्कळ झालं. तेव्हा डब्ल्यूएलसीने वर्षात किती इव्हेंट घेतले हे तुमच्या कामाचं नाही. एका लढतीने फायटरच्या वर्षातले किती महिने खाल्ले, ते बघा. आणि ते लढत कशी संपली यावर ठरतं. ती कशी संपू शकते हे ठरवतात नियम. 2019 च्या लढती पाहताना बहुतेकांची नजर कोपर आणि डोक्याच्या धडकीवर जाते, नियमांच्या कागदावर जात नाही. माझी तिथेच जाते.

पारंपरिक लेथवेत तीन मिनिटांचे पाच राउंड आणि मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. गुण नाहीत, पंचांची पाटी नाही. पाच राउंड संपले आणि दोघंही उभे असतील तर लढत बरोबरीत. एकाने पाचही राउंड दुसऱ्याला बदडलं असलं तरी बरोबरीच. जिंकायचं तर समोरच्याला पाडावं लागतं, किंवा त्याच्या कॉर्नरने, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात उभ्या कोच-साथीदारांनी तरी माघार घ्यावी लागते. मुठींवर फक्त गॉझ आणि टेप. ठोसा, लाथ, कोपर, गुडघा, क्लिंच (समोरच्याला कवटाळून धरणं) सगळं चालतं, आणि वर डोकं. खाली पडल्यावर मोजणी होते ती आपल्याकडच्या बॉक्सिंगपेक्षा संथ, दहापर्यंत जायला साधारण 20 सेकंद लागतात.

आणि एक नियम असा आहे की पहिल्यांदा कळला तेव्हा मी तो दोनदा वाचला. फायटर बेशुद्ध पडला किंवा उठू शकत नसला तर त्याचा कॉर्नर एकदा दोन मिनिटांचा टाइमआउट मागू शकतो. शेवटच्या राउंडला ही सोय नाही, आधीच्या चारांत आहे. त्या दोन मिनिटांत पाणी मारायचं, चोळायचं, हाका मारायच्या, उभं करायचं, आणि तो लढू शकतो असं ठरलं की लढत पुढे चालू.

या परंपरेत वाढलेल्यांना यात शौर्य दिसतं, आणि त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही. लढतीआधी सायंग वाद्यमेळाच्या तालावर केलेला लेथवे याय नाच, दुमडलेल्या डाव्या हातावर तळवा आपटून दिलेलं आव्हान, पागोड्याच्या जत्रेतली गर्दी, या सगळ्याशी तो नियम जोडलेला आहे. पण डॉक्टर म्हणून सांगतो: शुद्ध हरपलेला माणूस दोन मिनिटांत डोळे उघडतो, नाव सांगतो, पायावर उभाही राहतो. मेंदू मात्र तेवढ्यात सावरलेला नसतो. हललेल्या मेंदूवर लगेच दुसरा आघात झाला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं की वैद्यकाच्या हातात फारसं काही उरत नाही. रिंगसाइडला मी ज्या एका गोष्टीवर कुणाचंही ऐकत नाही ती हीच: शुद्ध हरपली की त्या रात्रीची लढत संपली. कॉर्नर ओरडो, आयोजक ओरडो.

आता डब्ल्यूएलसीकडे या. हे प्रमोशन 2017 मध्ये रिंगणात उतरलं आणि त्याने दोन मोठे बदल केले. टाइमआउट काढून टाकला आणि पंचांचे गुण आणले. पाच राउंड पूर्ण झाले तर निकाल गुणांवर. जुन्या प्रेक्षकांना हे आवडलं नाही, आणि त्यांची तक्रार मला कळते. बरोबरीत सुटण्याची मुभा असली की कमी दर्जाचा फायटरही पाच राउंड तग धरून मान मिळवतो. गुण आले की तो मान गेला, आकडा राहिला. पण माझ्या खुर्चीतून बघाल तर टाइमआउट जाणं हीच सगळ्यात मोठी बातमी होती. 2019 मध्ये या लढती यूएफसी फाइट पास या ऑनलाइन सेवेवर जगभर दिसू लागल्या. परदेशी प्रेक्षकाला निकाल लागतो, बेशुद्ध माणूस पुन्हा उभा केला जात नाही, असा खेळ दाखवणं सोपं जातं हा व्यवहारही त्यात असणारच. असू दे. हेतू व्यापारी असला तरी फायदा मेंदूचाच झाला.

गुणांचा दुसरा परिणाम तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. पाडल्याशिवाय जिंकताच येत नसेल तर पाचव्या राउंडला मोडक्या हातानेही मारावं लागतं. गुण असतील तर पुढे असलेला फायटर अंतर राखतो, लाथांवर खेळतो, हात वाचवतो. नियम बदलले की दुखापतीही बदलतात. त्यामुळे यूट्यूबवर ‘लेथवे’ म्हणून जे काही मिळतं ते सगळं एकाच पारड्यात टाकू नका. लढत कोणत्या नियमांखाली झाली ते आधी बघा.

आता तुमच्या सीनियरांचा मुद्दा. तो पूर्ण खोटा नाही. ग्लोव्हज मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचवतात. हात सुरक्षित असला की माणूस डोक्यावर बिनधास्त आणि वारंवार मारतो. कवटीचं हाड मुठीच्या हाडांपेक्षा फार दणकट असतं. नुसत्या मुठीने कपाळावर पूर्ण ताकदीनं मारणारा एकदा मारतो, दुसऱ्या वेळी विचार करतो. फक्त ठोशांचा खेळ असता तर या युक्तिवादात दम आहे असं मी म्हटलं असतं.

पण लेथवे फक्त ठोशांचा खेळ नाही. डोक्यावर येणारी लाथ, क्लिंचमधला गुडघा, कोपर, यांना ग्लोव्हज असले काय नि नसले काय, काही फरक पडत नाही. आणि डोक्याची धडक तर दोन्ही मेंदूंना हलवते. कपाळाच्या वरच्या भागाने समोरच्याच्या नाकावर किंवा गालफडावर मारणारा त्याचं हाड मोडतो, स्वतःचं शाबूत ठेवतो, हे खरं. पण धक्का त्याच्या डोक्यालाही बसतोच, आणि सरावात तो हीच धडक शेकडो वेळा घोटतो. जिममध्ये ‘हळू’ मारलेल्या धडकांची नोंद कुणी ठेवत नाही. म्हणून ‘ग्लोव्हज नाहीत म्हणजे डोकं सुरक्षित’ हे वाक्य लेथवेला लावू नका.

हाताबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या वर्षाचा हिशेब बहुधा तिथेच बिघडणार आहे.

लढत संपल्यावर कात्रीने टेप कापताना माझं लक्ष फायटरच्या हाताआधी चेहऱ्याकडे असतं. घाम आणि रक्त पिऊन गॉझ कडक झालेलं असतं. ते सोलताना कुठे डोळे बारीक होतात तिथे पुढे बोट ठेवायचं. मग मूठ हळूच मिटायला सांगतो. चारही बोटांची टोकं मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूच्या एकाच बिंदूकडे वळली पाहिजेत. एखादं बोट शेजारच्या बोटावर चढलं तर समजायचं की तळहाताचं हाड मोडून फिरलंय, एक्सरे नंतर. करंगळीमागच्या हाडाची मान मोडणं सगळ्यात नेहमीचं, आणि ते बहुधा आडव्या फिरवलेल्या, नीट न बसलेल्या ठोशाने होतं. सरळ आणि जोरात मारणाऱ्यांची तर्जनी आणि मधल्या बोटामागची हाडं, मनगटाजवळचे सांधे दुखावतात. साधं, न सरकलेलं फ्रॅक्चर तीन-चार आठवडे स्थिर ठेवावं लागतं, सहा ते आठ आठवड्यांत सांधतं, आणि बॅगवर पूर्ण ताकदीनं मारायला तीन महिन्यांच्या आत मी कुणाला परवानगी देत नाही. प्लेट किंवा वायर घालायची वेळ आली तर आणखी पुढे.

हाड मोडलेलं नसतानाही वर्ष हातचं जाऊ शकतं. मुठीच्या गाठीवरून जाणारी स्नायूची दोरी जागेवर धरून ठेवणारा पडदा फाटला की मूठ मिटताना ती दोरी बाजूला घसरते. सूज उतरते, दुखणं कमी होतं, मुलगा पुन्हा मारायला लागतो आणि गाठ पुन्हा सुजते. असे हात महिनोन्महिने ‘लचक आहे’ म्हणून बर्फावर काढलेले मी पाहतो. शस्त्रक्रिया झाली तर रिंगमध्ये परतायला पाच-सहा महिने धरा.

आणि दात. समोरच्याचा दात तुमच्या गाठीवर लागून पडलेली जखम अर्ध्या सेंटिमीटरचीही नसते, पण मिटलेल्या मुठीत ती थेट सांध्यात उतरलेली असते. हात उघडला की कातडी सरकते, भोक झाकलं जातं आणि तोंडातले जंतू आत राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात फुगतो. अशी जखम टाके घालून बंद करायची नसते. धुवायची, उघडी ठेवायची, प्रतिजैविकं सुरू करायची आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायची. गॉझ गाठीवर दाट असलं तर धोका कमी होतो, संपत नाही.

चेहऱ्यावरच्या जखमांचं मात्र फार मनावर घेऊ नका. गॉझ खरखरीत असतं, कोपर धारदार असतं, त्यामुळे रक्त भरपूर दिसतं आणि घरचे व्हिडिओ बघून घाबरतात. भुवईची जखम नीट शिवली तर भरते. पापणीची कड, ओठाची कड आणि अश्रूंची नळी जिथे असते तो डोळ्याचा आतला कोपरा, एवढी ठिकाणं रिंगशेजारी घाईने शिवून घेऊ नका. नाक मोडलं असेल तर सूज उतरल्यावर, पण साधारण दोन आठवड्यांच्या आत सरळ करून घ्या. पुढे ते काम अवघड होतं.

आता दिवस मोजू. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्याच्या आघाताने लढत थांबली तर किमान 30 दिवस बंदी असते. तीन महिन्यांत दुसऱ्यांदा झालं तर 90 दिवस. बारा महिन्यांत तिसऱ्यांदा झालं तर एक वर्ष. या बंदीत स्पारिंगही, म्हणजे सरावातली लढतही येते, फक्त स्पर्धेतली नाही. हे आपल्याकडचे बरेच कोच सोयीस्करपणे विसरतात. ही किमान मुदत आहे. डोकेदुखी, झोप बिघडणं, चिडचिड, मोबाइल बघताना मळमळणं यातलं काही शिल्लक असेल तर तारीख उलटून गेली तरी परवानगी नाही.

एक खरं उदाहरण घ्या. कॅनडाचा डेव्ह लेडुक आणि म्यानमारचा तुन तुन मिन 9 ऑक्टोबर 2016 ला पारंपरिक नियमांखाली लढले आणि बरोबरीत सुटले. 11 डिसेंबरला ते पुन्हा समोरासमोर आले आणि लेडुकने ओपनवेटचा (वजनाची मर्यादा नसलेल्या गटाचा) सुवर्णपट्टा जिंकला. तो जिंकणारा तो पहिला परदेशी. मध्ये गेले फक्त नऊ आठवडे. आता वर दिलेले आकडे या नऊ आठवड्यांशेजारी ठेवून बघा. त्यात एक साधं फ्रॅक्चर जेमतेम सांधतं, त्यावर तयारी तर दूरच. हाच लेडुक 2 ऑगस्ट 2019 ला मंडालेत डब्ल्यूएलसीच्या रिंगमध्ये अमेरिकेच्या सेथ बचिन्स्कीशी लढला आणि दुसऱ्या राउंडमध्ये नॉकआउटने क्रूझरवेट या वजनगटाचा पट्टा मिळवला. निकालाच्या यादीत दोन्ही विजय एका ओळीचे आहेत. पण दोन राउंडमध्ये संपवलेली लढत जिंकणाऱ्याच्या शरीराला स्वस्तात पडते, पाच राउंडची बरोबरी दोघांनाही महागात. विजय-पराभवाचा रकाना सोडून लढत कितव्या राउंडला आणि कशी संपली तो रकाना वाचायची सवय लावा.

मंडालेच्या त्या तारखेवरून आणखी एक. जुन्या पद्धतीने लेथवेचा हंगाम जत्रांचा, म्हणजे पावसाळा संपल्यावरचा: पागोड्यांचे उत्सव, करेन नववर्ष, 4 जानेवारीचा स्वातंत्र्यदिन, एप्रिलचं थिंज्यान, म्हणजे तिथलं नववर्ष. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तिथे वर्षावास असतो. आपल्याकडे बौद्ध घरांत पाळतात तोच. त्या काळात लग्नं, जत्रा थांबतात, पाऊसही असतोच. 2 ऑगस्ट ही तारीख बरोबर वर्षावासात येते. छप्पर असलेलं स्टेडियम आणि परदेशी प्रेक्षक मिळाले की हंगामाची गरज संपते. प्रमोशनच्या दृष्टीने छान, पण हात आणि डोकी सांधायला ऋतूच जी सक्तीची सुट्टी देत होता ती गेली. मला हा बदल टाइमआउटइतकाच महत्त्वाचा वाटतो, फक्त उलट्या दिशेने. आता सुट्टी फायटरने किंवा त्याच्या डॉक्टरने ठरवून घ्यावी लागते.

मग तुमचा आकडा किती? हे तुम्ही कसे लढता यावर बरंच अवलंबून आहे. क्लिंचमध्ये घुसणारे असाल तर डोक्याला जास्त मार, लाथांवर खेळणारे असाल तर हात वाचतील पण नडगी आणि पाऊल सुजेल. आधी कधी नॉकआउट झालात का, वजन किती उतरवता, हेही आलं. (वजनासाठी पाणी तोडून आदल्या दिवशी सुकलेल्या शरीराने डोक्यावर मार खाणं, याबद्दल लिहायला बसलो तर हे उत्तर दुप्पट होईल. करू नका, एवढंच.) तरी सगळं सुरळीत धरून हिशेब असा: आठ आठवडे तयारी, लढत, मग निदान चार आठवडे डोक्याला अजिबात स्पर्श नाही, पुढचे तीन-चार आठवडे हलकं काम, आणि मग पुन्हा तयारी. हे एक चक्र साडेतीन-पावणेचार महिन्यांचं झालं. म्हणजे काही मोडलं नाही तर वर्षात दोन, फार तर तीन लढती. हात मोडला तर एक. नॉकआउट झालात तर पुढच्या लढतीची तारीख ठरवायचीच नाही, आधी न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं. चार-पाचचा आकडा माझ्या हिशेबात कुठेच बसत नाही.

आणखी एक गोष्ट, ती वैद्यकीय नाही. 2019 चं म्यानमार पाहून आज बेत आखू नका. आधी कोविड आला, मग 1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने सत्ता घेतली, आणि तेव्हापासून तिथे यादवी आहे. लेथवेच्या नियमांखाली इतर देशांतही लढती होतात. बोलावणं आलं तर करारावर सही करण्याआधी पुढचं सगळं लेखी मागा: नियम पारंपरिक की गुणांचे, टाइमआउट आहे का, रिंगशेजारी डॉक्टर आणि रुग्णवाहिका आहे का, सीटी स्कॅन असलेलं इस्पितळ किती मिनिटांवर आहे, आणि दुखापतीचा खर्च कोण देणार. शेवटच्या दोन प्रश्नांना ‘बघू, होईल’ असं उत्तर आलं तर जाऊ नका. टाइमआउट असेल तर तुमच्या कॉर्नरला आत्ताच बजावून ठेवा की मी बेशुद्ध पडलो तर तो मागायचा नाही. पडल्यावर तुमचं मत विचारायची सोय नसते.

जाण्याचं नक्की झालंच तर तयारीची सुरुवात रक्ताच्या तपासणीपासून करा. उघड्या जखमा, दोघांचं रक्त एकमेकांच्या गॉझवर, त्यामुळे एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही चाचण्या दोघांच्याही झालेल्या हव्यात, आणि अहवाल ताजे हवेत. हिपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर तिचे तीन डोस आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असे असतात. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवत नसेल तर तीही घ्या. हाताचा एक साधा एक्सरे आणि डोक्याचा एक एमआरआय आत्ता, काही झालेलं नसताना काढून फाइलला लावा. पुढे कधी काही झालं तर तुलना करायला आमच्या हातात काहीतरी असतं.